पाण्याच्या मानाची जीप

“हिच्या मनगटात जीव न्हाई, आन ही पाण्याची गाडी सड्यावर न्हेणार?”

दादा हे मला बोललाच नाही. वाघजाईच्या पायथ्याच्या देवळात गावातली चार-पाच जाणती माणसं बसली होती, त्यांच्याकडं तोंड करून बोलला. आबांना, म्हणजे आमच्या वडलांना, जाऊन दीडेक महिना झाला होता. मी उजवं मनगट पदराखाली झाकून बसले होते आणि ते त्यानं बरोबर हेरलं होतं.

“मनगट मोडलंय, कान न्हाई मोडलं. माझ्याकडं बघून बोल,” मी म्हणाले.

“तुझ्याकडं बघून काय बोलायचं? चावी ठेव हितं आन घराकडं जा.”

दादा, म्हणजे हिंदुराव, माझा सख्खा थोरला भाऊ. कोल्हापुरात उद्यमनगरात त्याचं वर्कशॉप होतं, तिथं त्याचा शब्द म्हणजे देवाचा शब्द. “माझ्या हातनं गेलेलं काम परत आलेलं न्हाई” हे वाक्य तो दिवसातनं एकदा तरी म्हणायचाच, जेवताना सुद्धा. तरुणपणी त्यानं आबांची जीप ओढ्यात घातली होती. त्यानंतर आबांनी त्याच्या हातात ती कधी दिली नाही, मला दिली. सासरी वर्षभर सुद्धा न टिकलेल्या पोरीला गाडी, आणि कर्त्या मुलाला नाही! ते शल्य त्याच्या पोटात वीस वर्षं मुरत होतं, आणि मुरलेल्या गोष्टीचं काय होतं ते सांगायला नको.

जीप साधी नव्हती. लष्कराच्या लिलावातनं आबांनी ती डाव्या हाताला स्टेअरिंग असलेली गाडी आणली, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आमच्या करंबेवाडीच्या डोक्यावर वाघजाईचा सडा आहे. वर उघडा कातळ, देवीचं ठाणं आणि वारा. पाण्याचा थेंब नाही. चैत्रातल्या जत्रेला खालनं पाणी न्यावं लागतं. आधी बैल न्यायचे, मग आबांची जीप न्यायला लागली. पिपं वर पोचली, पहिली कळशी देवीच्या पायावर पडली, की मगच नैवेद्याच्या चुली पेटायच्या. तोवर हजार माणूस उपाशी. हा आमच्या घरचा पाण्याचा मान. जीप चालवणारा तो घ्यायचा, आबांच्या पायातलं बळ गेल्यापासनं मीच घेत होते.

गेल्या पावसाळ्याआधी याच सड्याच्या वाटेवर पुढचं चाक धोंड्यावर आपटलं आणि स्टेअरिंगनं असा उलटा झटका दिला की माझं मनगट कटकन मोडलं. जुन्या जीपची ती खोडच. चाकाला बसलेला मार सरळ हातात येतो. हाड जुळलं, पण वाकडं. भरलेली कळशी उचलायची म्हटली तरी डोळ्यात पाणी यायचं, तिथं ते जडशीळ स्टेअरिंग कुठलं ओढणार!

आबांनी अंथरुणाला खिळायच्या आधी भंगार बाजारातनं एका मोठ्या गाडीचा पॉवर स्टेअरिंगचा बॉक्स आणून ठेवला होता. तो बसवला की तेलाच्या दाबानं स्टेअरिंग हलकं होतं आणि दगडाचा झटका हातापर्यंत येत नाही. “हे बसवा आणि गाडी शालनच्या हातात द्या,” एवढं ते बोलले आणि गेले. ऐकायला दादा होता, मी होते आणि देवीचा पुजारी यसबा गुरव होता.

म्हणून त्या दिवशी निवाडा यसबाआप्पांनी केला. म्हातारा तंबाखू मळत म्हणाला, “आबाचा शब्द मोडायचा न्हाई. बॉक्स हिंदुरावानं बसवायचा, त्याच्यावाचून ते कुणाला जमायचं न्हाई. चैत्रात शालननं पाणी वर न्ह्यायचं. न्हेलं, तर गाडी आन मान तिचा. वाटंत थांबली, न्हाईतर दुसऱ्याच्या हातात चाक दिलं, तर दोन्ही हिंदुरावाचं. हाय कबूल?”

“कबूल,” दादा म्हणाला. पहिल्यांदाच माझ्याकडं बघून हसला आणि ते हसू मला अजिबात आवडलं नाही.

“मलाबी कबूल. मी न्हेतो,” मी म्हणाले. आमच्याकडं बायकाही ‘जातो-येतो’च म्हणतात, आणि भांडताना ते बरंच पडतं.

मला काय गमवायचं होतं, हे मला पक्कं माहीत होतं. त्या जीपवर मी काजूची पोती, खताची पोती, अडलेल्या बायका, सगळं वाहत होते. गाडी होती म्हणून गावात मला शालनबाई म्हणत होते. ती गेली की मी भावाच्या घरातली भाकरी खाणारी नांदली-न्हाई-ती शालन. त्यापेक्षा मनगट परत मोडलेलं परवडलं.

*

गाडी वर्कशॉपला पोचवल्यावर मी एकदाच तिथं गेले. जीपचं तोंड उघडं पडलं होतं. बंपर काढलेला, रेडिएटर भिंतीला टेकवून ठेवलेला. आबांनी ज्या चेसीला, गाडीच्या सांगाड्याला, कधी ड्रिल लावू दिलं नाही तिचा एक तुकडा दादानं कापून काढला होता आणि तिथं जाड पत्र्याची नवी बैठक वेल्ड करत होता.

“कापलीस?” मी विचारलं.

त्यानं वेल्डिंगची काच डोळ्यांवरनं वर केली. “मग काय दोरीनं बांधू बॉक्स? हा बॉक्स हत्तीएवढ्या गाडीचा हाय. तुमच्या खेळण्यात बसत न्हाई तर जागा करायलाच लागणार. पुढं रेडिएटर आडवा येतोय, मागं आडवी पट्टी. सगळं उलटंपालटं करून बसवालोय.”

“नीट बसंल न्हवं?”

हे मी विचारायला नको होतं. आजूबाजूची मशिनं चालू होती तरी तिथली माणसं थांबून बघायला लागली. दादा उठून माझ्यासमोर आला.

“शालन, ह्या गल्लीत येऊन मला हा प्रश्न कुणी इचारत न्हाई. तू बापाच्या लाडानं चढलीयास म्हणून ऐकून घेतो. परत ह्या दारात पाय ठेवायचा न्हाई. गाडी घरपोच येईल.”

“मी चालवत न्हेतो की.”

“माझ्या दारातनं तू ती चालवत न्ह्यायची न्हाईस. ट्रकमधनं पाठवतो.”

“आन तू चालवून बघणार न्हाईस?”

“ज्याची गाडी त्यानं पयला नारळ फोडायचा, पयल्यांदा त्यानंच बसायचं. तवर मी कुणाच्या गाडीत बसत न्हाई. हितला नियम हाय.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “माझी असती तर बसलो असतो.”

मी रागानं गल्लीतनं चालायला लागले. मागं माणसं परत कामाला लागली.

*

शिमग्यानंतर जीप ट्रकमधनं आली. बांधाला ट्रक लावून चार माणसांनी ती खाली ढकलली आणि ट्रक निघून गेला. ना चिठ्ठी, ना निरोप.

शेजारची बेबीजान मुल्लाणी तेवढी बघायला आली. ती माझ्या लहानपणची मैत्रीण, तोंडानं फटकळ पण मनानं माझीच. मी नारळ फोडला, खोबरं तिच्या हातावर ठेवलं आणि गाडीत बसले. इंजिन चालू केलं आणि स्टेअरिंगला हात लावला. लोण्यातनं सुरी फिरावी तसं ते फिरलं. दुखऱ्या हाताच्या दोन बोटांनी! मला आबांची फार आठवण आली. बेबीजानला माझं तोंड दिसू नये म्हणून मी पटकन गिअर टाकला.

समोर गोठा होता. गोठा चुकवायला मी उजवीकडं वळवलं आणि जीप डावीकडं गेली. घाबरून आणखी उजवीकडं फिरवलं, ती आणखी डावीकडं गेली आणि सरळ वैरणीच्या गंजीत तोंड खुपसून बंद पडली.

बेबीजान पोट धरून हसली. “अगं, ह्याच्यापेक्षा तुझा बैल बरा हुता! काय झालं?”

मी खाली वाकून चाकाकडं बघत स्टेअरिंग हळू उजवीकडं फिरवलं. चाक डावीकडं वळलं. डावीकडं फिरवलं, चाक उजवीकडं. बेबीजानचं हसू हळूहळू थांबलं.

“शालन... हे तर उलटं चाललंय.”

“व्हय.”

“म्हंजे तुझ्या भावानं—”

“व्हय,” मी म्हणाले. “माझ्या भावानं.”

ज्याच्या हातनं कधी चूक होत नाही, त्याच्या हातनं हे झालं होतं. चालवून न बघता, ट्रकमधनं, दारातनं सुद्धा न जाऊ देता पाठवलं होतं. सड्याच्या वाटेवर एका बाजूला कडा आहे. तिथं घाबरून माणूस कड्यापासनं लांब वळवायला जातो. ह्या गाडीत लांब वळवलं की काय होणार, हे पोराला सुद्धा कळलं असतं. सख्खा भाऊ! लहानपणी माझ्या ताटातली पोळी पळवणारा, मला ओढ्यात पोहायला शिकवणारा. जमीन मागितली असती तर दिली असती. पण ह्याला मीच नको होते.

“जा आन सांग त्याला,” बेबीजान म्हणाली. “गाडी परत न्हेऊन टाक त्याच्या दारात.”

“म्हंजे तो काय म्हणंल? ‘बघा, म्या चांगली दिली हुती, बाईला चालवता यीना.’ सगळं गाव त्याचंच ऐकंल. त्याच्या हातच्या कामात कधी खोट निघलीय?”

“मग यसबाआप्पाला सांग.”

“सांगणार हाय. सगळ्यांनाच सांगणार. पण हितं न्हाई, वर. पाणी वर न्हेणार, देवीच्या पायावर वतणार आन मग हजार माणसांसमोर त्याला बोलावून इचारणार, की सांग, ह्या गाडीत बॉक्स कसा बसवलास ते. मग कोण तुला काम देतंय ते बघू.”

“आन वर कशी जाणार? उलटी?”

“उलटी तर उलटी.”

बेबीजाननं कपाळाला हात लावला. “तुम्ही दोघं एकाच आईच्या पोटचं. ह्यात शंका न्हाई.”

दुपारी गाव निजलं की मी जीप काढायची. नदीकाठची माळाची जमीन ओसाड होती, तिथं बेबीजान शेजारी बसायची आणि ओरडायची. डोक्याला सगळं कळत होतं. हातांना कळत नव्हतं. वीस वर्षांचे हात, त्यांना कसं सांगणार? सुरुवातीला मी प्रत्येक वळणाला थांबून तोंडानं पुटपुटायची, मग वळवायची. बाभळी मोडल्या, कुणाच्या शेताची मेर फोडली, एकदा दोघी नदीच्या वाळूत रुतलो. चिडून मी स्टेअरिंगवर बुक्क्या मारल्या आणि दुखरं मनगट सुजलं. दादाला मी जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या त्याच्या जन्मात त्याला कुणी घातल्या नसतील.

मग एके दिवशी कुत्रं आडवं आलं आणि मी विचार न करता वळवलं. कुत्रं वाचलं. बेबीजाननं टाळ्या पिटल्या. त्या संध्याकाळी मी बाजारला जायला सायकलवर बसले आणि दारातच धाडकन आडवी झाले. माझे हात पालटले होते. गुडघा फुटला, तरी मी रस्त्यात बसून हसत होते आणि बेबीजान म्हणत होती, येडी झालीस तू.

*

जत्रेच्या सकाळी पालखी पायवाटेनं आधी वर गेली, तिच्याबरोबर दादाही गेला. जाताना त्यानं पिपांनी भरलेल्या जीपकडं एक नजर टाकली. धुतलेला पांढरा शर्ट, कपाळाला भंडारा. कोल्हापूरची त्याची चार-दोन गिऱ्हाइकंही बरोबर होती, त्याला मान मिळताना बघायला आणली असावीत.

“दम लागला तर हॉर्न वाजव,” तो म्हणाला. “येतो मी खाली.”

“तू वरच थांब. तुझ्याशी काम हाय.”

साक्षीला यसबाआप्पा माझ्या शेजारी बसले. मांडीवर देवीचा गडवा, तोंडात तंबाखू. पहिला चढ सरळ होता. कातळ सुरू झाला तशी पिपं मागं डचमळायला लागली, पाणी उसळून पाठीवर यायला लागलं. चाकं धोंड्यांवर चढत-उतरत होती, पण माझ्या हातापर्यंत काही येत नव्हतं. मनगट मुकाट होतं. शत्रूचं काम, पण कौतुक वाटलंच. पॉवर स्टेअरिंग म्हणून त्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

थोड्या वेळानं यसबाआप्पा माझ्या हातांकडं बघायला लागले. मग वाटेकडं. मग परत हातांकडं.

“शालन.”

“बोला, आप्पा.”

“तू उलटं फिरवालीस काय गं?”

“आप्पा, डोळं मिटा आन देवीचं नाव घ्या.”

म्हाताऱ्यानं तंबाखू गिळली आणि खरंच डोळे मिटले.

खेकड्याचं वळण आलं. तिथं वाट डोंगराच्या पोटाला घासून उजवीकडं वळते आणि डाव्या हाताला काही नसतं, खालच्या करवंदीच्या जाळ्या तेवढ्या दिसतात. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये घेतली. मागचं एक चाक घसरलं, पिपं एका बाजूला आली आणि जीपचं नाक कड्याकडं सरकलं. हातांनी जुनी सवय आठवली, एक क्षणभरच. दोन्ही हात उजवीकडं ओढायला निघाले. मी दात खाऊन त्यांना डावीकडं दाबलं. नाक डोंगराकडं आलं, चाकानं कातळ धरला आणि आम्ही वळणाच्या वर निघालो. माझा श्वास मलाच ऐकू येत होता. आप्पांनी डोळे उघडले नाहीत.

सड्यावर पोचलो तेव्हा हलग्या वाजायला लागल्या. बायकांनी कुंकू लावलं, पोरं पिपांवर चढली. गर्दीत दादा उभा होता. त्याच्या तोंडावर कडवटपणा स्पष्ट दिसत होता, पण आणखी काही तरी होतं, ते मला तेव्हा वाचता आलं नाही. मला वाचायचंही नव्हतं. आधी पाणी, मग तो, असं मी ठरवलं होतं. मी कळशी भरून घेतली आणि डाव्या कमरेवर घेऊन ठाण्याकडं गेले.

देवीच्या पायावर पाणी ओतत होते आणि मागं कुणी तरी म्हणालं, “जीप वाटंत हाय, पालखी फिरवायला जागा न्हाई. बाजूला घ्या.”

मग दादाचा आवाज आला, “थांबा, मी घेतो.”

मला ते ऐकू आलं. त्याचा अर्थ डोक्यात शिरेपर्यंत कळशी पूर्ण ओतून झाली होती. मग एकदम बायका किंचाळल्या.

मी ओल्या हातानं बाहेर धावले. जीप सड्याच्या कडेला होती. तिचं पुढचं डावं चाक कातळाच्या बाहेर लोंबत होतं, पोट दगडावर टेकलं होतं म्हणून ती थांबली होती. इंजिन चालूच होतं. दादा दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून ताठ बसला होता, पाय ब्रेकवर दाबलेला.

“हलू नको,” मी म्हणाले. लोकांनी मागचा बंपर धरला, कुणी दोरी आणायला पळालं.

दादा हलला नाही. मग त्यानं मान तेवढी बाहेर काढली आणि लोंबत्या चाकाकडं बघत स्टेअरिंग हळूच उजवीकडं फिरवलं. चाक डावीकडं वळलं. त्यानं परत डावीकडं फिरवलं. परत उजवीकडं. त्याचे ओठ हलत होते. कामाचा माणूस तो, त्याला कुणी समजावून सांगायला लागलं नाही. बॉक्सखाली एक लोखंडी हात असतो, तो चाकांना ओढतो. त्या मोठ्या गाडीत त्या हाताचं तोंड पुढं होतं. आमच्या जीपमध्ये पुढं रेडिएटर आडवा आला म्हणून दादानं ते मागं वळवलं होतं, आणि तिथंच सगळं उलटं झालं होतं. वर्कशॉपात तो जॅकवरच्या गाडीखाली झोपून तेल गळतंय का बघत होता आणि वर दुसरंच कुणी स्टेअरिंग फिरवत होतं, म्हणून उलटं त्याच्या ध्यानात आलं नाही. हे सगळं मला फार नंतर कळलं. त्याला तिथल्या तिथं कळलं.

त्यानं इंजिन बंद केलं. “कधीपासनं हाय हे?”

“तू पाठवलीस तवापासनं.”

“आन तू अशीच वर आणलीस? पाणी भरून? त्या वळणावरनं?”

“व्हय.”

“कुणाला बोलली का न्हाईस?”

“कुणाला बोलू? ज्यानं केलं त्याला?”

तो माझ्याकडं बघत राहिला. “म्हंजे तुला वाटलं...”

पुढचं मी बोलले. “व्हय. मला वाटलं तू मुद्दाम केलंस. मी गाडीसकट खाली जावी म्हणून.”

त्याचा चेहरा एका क्षणात म्हातारा झाला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? ज्यासाठी उन्हात बाभळी मोडल्या, ते बघायला मिळालं होतं. फक्त माझं वाक्य अजून बाकी होतं आणि ऐकायला सगळा सडा गोळा झाला होता.

पण मी बोलायच्या आधीच दादा कातळाच्या बाजूनं खाली उतरला. त्यानं जीपचं बॉनेट धरलं. कोल्हापूरची गिऱ्हाइकं पुढंच उभी होती.

“ऐका रं,” तो मोठ्यानं म्हणाला. “ह्या गाडीत बॉक्स मी बसवला. उलटा बसवला. स्टेरिंग उजवीकडं फिरवलं की गाडी डावीकडं जातीया. माझ्या हातची चूक हाय.”

त्याच्या गिऱ्हाइकांतला एक म्हणाला, “असू दे, मालक, भंगारातला बॉक्स. म्हाताऱ्यानं आणतानाच तसला आणला असंल.”

“बॉक्स चांगला हुता,” दादा म्हणाला. “आबानं चांगलाच आणला हुता. माझी चूक हाय म्हटलं न्हवं?”

एवढं बोलून तो बाजूला जाऊन एका दगडावर बसला. लोक कुजबुजायला लागले. काही हसले सुद्धा. उद्यमनगरात संध्याकाळपर्यंत पोचणार होतं ते, त्यालाही माहीत होतं.

माझं घासूनपुसून ठेवलेलं वाक्य तोंडातच राहिलं. हा माणूस जेवताना सुद्धा स्वतःच्या हातांची बढाई मारायचा. त्याला गप्प बसता आलं असतं. बॉक्सवर ढकलता आलं असतं, गेलेल्या बापावर ढकलता आलं असतं, वाट तर त्याला फुकट करून दिली होती. बहिणीच्या जिवावर उठलेला भाऊ म्हणून मी त्याला बघावं, ह्यापेक्षा त्याला उभ्या गावात नादान मिस्त्री होणं परवडलं. तेव्हा माझी खात्री पटली की त्यानं मुद्दाम केलं नव्हतं. आणि इतके दिवस मी त्याला खुनी धरून त्याच गाडीत रोज बसत होते. त्याला तसं धरणं मला जड सुद्धा गेलं नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून हे एवढं वाढवून ठेवलं होतं.

दोरी लावून जीप मागं ओढली. चुली पेटल्या, नैवेद्य झाला, पंगती उठल्या. यसबाआप्पांनी सगळ्यांसमोर चावी माझ्या हातात दिली. दादा त्या वेळी तिथं नव्हता.

जत्रा उतरताना दर वर्षी रिकाम्या जीपमध्ये बसायला बायकापोरांची झुंबड उडायची. त्या वर्षी जवळ कुणी फिरकलं नाही. यसबाआप्पांना अचानक पायी चालण्याची हौस आली. बेबीजान सुद्धा म्हणाली, “मी चालत येतो गं. मला अजून नातवंडं बघायचीत.”

मी एकटीनं गाडी चालू केली. तेवढ्यात पलीकडनं दादा आला आणि माझ्या शेजारी चढून बसला. तोंड समोर, हात मांडीवर.

त्या जत्रेनंतरच्या इतक्या वर्षांत आमचं चारचौघांसारखं बोलणं कधी झालं नाही. लग्नाकार्यात समोर आलो तर तो भिंतीकडं बघतो, मी भांड्यांकडं. पुढं त्यानं दोनदा निरोप पाठवला, गाडी पाठव, सरळ करून देतो. मी नाही पाठवली, कारण तोवर माझे हात त्या गाडीचे झाले होते आणि पिळही होताच. पण त्या दिवशी खेकड्याच्या वळणावर आलो तेव्हा मी गाडी थांबवली. आता कडा त्याच्या बाजूला होता. चुकलं असतं तर आधी तो गेला असता.

“उतर,” मी म्हणाले. “चालत ये हितनं. अजून टाईम हाय.”

त्यानं खालच्या जाळ्यांकडं एकदा बघितलं आणि पाय नीट आत घेतले.

“गप चालीव,” तो म्हणाला.

वाट डावीकडं वळत होती. मी स्टेअरिंग उजवीकडं फिरवलं आणि आम्ही खाली उतरायला लागलो.